बारा लाखांचे सत्त्याहत्तर हजार: कुठल्या पेशात हातात किती पडतं

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामानगरातले एक गृहस्थ विचारतात: मुलगा अकरावीत आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. आई म्हणते डॉक्टर, पुण्याचा काका म्हणतो आयटी, मुलाच्या डोक्यात विमान. 'तुम्ही इतक्या लोकांचे रिटर्न भरता, तर एकदाचं सांगून टाका, सगळ्यात जास्त पैसा कशात आहे?'

मी सीए आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. राजवाड्याच्या मागे दोन जिने चढून ऑफिस. जुलै महिन्यात माझ्या टेबलावर अर्ध्या ओळखीच्यांचा पगार पडलेला असतो, त्यामुळे लग्नकार्यात मला फार जपून बोलावं लागतं. सानंदच्या नाटकाच्या मध्यंतरातसुद्धा कोणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारतंच, 'भिया, त्याच्या पोराचं पॅकेज खरंच चाळीस लाख आहे का हो?' मी चहा पितो.

पेपरात फोटो येतो तो पहिल्या नंबराचा. माझ्याकडे फाईल पन्नासाव्याचीही येते. म्हणून मी पेशांची तुलना करताना 'वरचा किती मिळवतो' हे बाजूला ठेवतो आणि चार गोष्टी पाहतो. त्या पेशातल्या मधल्या माणसाला काय मिळतं, ते कितव्या वर्षी सुरू होतं, तोवर घरातून किती गेलेलं असतं, आणि कितव्या वर्षापर्यंत चालतं.

पण आधी 'पॅकेज' या शब्दाची चिरफाड करू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत.

दोनेक वर्षांपूर्वी लोकमान्यनगरातला एक मुलगा वडिलांबरोबर पेढे घेऊन आला. पुण्याच्या कंपनीचं पत्र, वर्षाला १२ लाख. वडिलांनी मनात भागाकार करून टाकला होता, महिना एक लाख. त्या हिशोबाने फ्लॅटचं बुकिंगही बघून आले होते. मी पेन्सिल घेतली आणि पत्राचं शेवटचं पान उघडलं. मूळ पगार ४,८०,०००. कंपनी भरणार तो पीएफ ५७,६००. ग्रॅच्युइटी २३,०८८, म्हणजे हे महाशय साधारण पाच वर्षं टिकले तर. गटविमा १५,०००. व्हेरिएबल १,२०,०००, म्हणजे कंपनीचं आणि साहेबांचं दोघांचं वर्ष चांगलं गेलं तर. हे सगळं १२ लाखांच्या आतलंच. वजा करून उरले ९,८४,३१२. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ पुन्हा ५७,६०० आणि व्यवसाय कर २,५००. राहिले ९,२४,२१२. बाराने भागा: ७७ हजार. प्राप्तिकर आताच्या नियमाने शून्य धरा, कारण २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही. तरीही सत्त्याहत्तर हजारच.

पीएफ त्याचाच आहे, तो बुडत नाही, हे वडिलांना सांगितलं. त्यांनी पेढ्याचं खोकं बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि एक मला दिला.

आणि हा मुलगा नशीबवान. मोठ्या आयटी कंपन्यांत घाऊक भरती होते त्या पोरांचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास असतं. दहा-बारा वर्षांपूर्वीही ते तीन-सव्वातीन होतं. सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या गराडूचा भाव त्यापेक्षा जास्त वाढला. हातात पंचवीस-सव्वीस हजार. सुपर कॉरिडॉरवर नोकरी आणि घर सुदामानगरात असेल तर त्यात भागतं, बंगळूरला खोली घेऊन राहायचं तर वडिलांना दर महिन्याला थोडं पाठवावं लागतं. पिथमपूरच्या कारखान्यात नवा मेकॅनिकल इंजिनिअरही वीस-पंचवीस हजारांतच सुरू करतो.

तरी आयटीला मी नावं ठेवणार नाही. बाविसाव्या वर्षी कमाई सुरू होते, ही मोठी गोष्ट आहे. जो पहिली चार वर्षं स्वस्थ बसत नाही, काम शिकतो, नोकरी बदलतो, त्याचं दहा वर्षांत वीस-पंचवीस लाखांवर जातं. चांगल्या प्रॉडक्ट कंपनीत शिरला तर चाळीस-पन्नासही. माझ्याकडे अशा डझनभर फायली आहेत. मात्र मधला माणूस दहा वर्षांनी पंधरा-अठरा लाखांवर असतो, आणि पंचेचाळीशीनंतर या धंद्यात जमीन जरा भुसभुशीत होते. माझ्या एका अशिलाचं पॅकेज ५२ लाख होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी एका शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला आणि सोमवारपासून काम नव्हतं. पुढची नोकरी लागायला अकरा महिने गेले, ती ३४ लाखांची. घराचा हप्ता मात्र ५२ लाखांच्या हिशोबाने घेतलेला.

आता डॉक्टर. आईंचं म्हणणं सगळ्यात जुनं आहे आणि सगळ्यात कमी चुकीचं, पण हिशोब लांबलचक आहे.

एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक. मग एमडी किंवा एमएस तीन. हृदयरोग, न्यूरो, किडनी असलं काही करायचं तर डीएम किंवा एमसीएच आणखी तीन. अठराव्या वर्षी, पहिल्याच झटक्यात 'नीट' ही प्रवेशपरीक्षा निघाली आणि पुढच्याही दोन्ही परीक्षा पहिल्याच झटक्यात निघाल्या, तरी तिशी येते. बहुतेकांचं मध्ये एक-दोन वर्षं 'ड्रॉप' होतं. सरकारी कॉलेजात, म्हणजे आपल्या एमजीएममध्ये, फी वर्षाला लाखाच्या आसपास. खासगी कॉलेजात पूर्ण अभ्यासक्रमाचे पन्नास लाखांच्या वर जातात. त्यामुळे 'डॉक्टर व्हावं का' या प्रश्नाला माझ्याकडे दोन वेगळी उत्तरं आहेत. सरकारी सीट मिळाली तर डोळे मिटून. पैसे भरून घ्यायची असेल तर आधी माझ्याकडे या.

कारण नुसत्या एमबीबीएसला आज इंदूरच्या खासगी इस्पितळात ड्युटी डॉक्टर म्हणून पन्नास-साठ हजार मिळतात. पन्नास लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता ६६ हजारांचा होतो. बसवा हिशोब. शिवाय शिकत असताना व्याज चढतच राहतं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही. हे बँकेतला माणूस सांगत नाही, बहुधा त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं.

एमडी झाल्यावर चित्र बदलतं. इंदुरात फिजिशियनला सुरुवातीला महिना दीड-दोन लाख मिळतात. रेडिओलॉजिस्टला जास्त. आणि गंमत पाहा, खंडवा, खरगोन, बुऱ्हाणपूरला इंदूरपेक्षा जास्त मिळतात, कारण तिथे जायला कोणी तयार नसतं. माझ्याकडच्या डॉक्टरांत पहिल्या पाच वर्षांत ज्याने सर्वांत जास्त साठवलं, तो भूलतज्ज्ञ आहे आणि इंदूरबाहेर राहतो. त्याचा पगार असा नाहीच, केसमागे पैसे. पहाटे तीनला सिझेरियनसाठी उठतो. त्याच्या सव्वीस एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या सरकारी तक्त्यात, नऊ वेगवेगळ्या इस्पितळांची नावं आणि प्रत्येकाने कापलेला दहा टक्के टीडीएस. फोन आला की ताट सोडून जातो, हे मी त्याच्या घरी जेवायला बसलो असताना पाहिलंय.

करात डॉक्टरला एक सोय आहे जी पगारदाराला नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ४४एडीए. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीचा भाग पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत), तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो, वह्या दाखवायची गरज नाही. चाळीस लाख जमा असलेल्या कन्सल्टंटने वीस लाखांवर कर भरला तरी चालतं, आणि चाळीस लाख पगार असलेल्या इंजिनिअरला पंचाहत्तर हजारांची वजावट मिळते. दोघांचं 'पॅकेज' एकच म्हणायचं का? वकील, आर्किटेक्ट आणि आम्ही सीए यांनाही ही सोय आहे. कबूल करतो, मीही घेतो.

आणि डॉक्टर पंचेचाळीशीत कोणाच्या शुक्रवारच्या कॉलला घाबरत नाही. माझा सर्वांत वयस्कर डॉक्टर अशील ७४ वर्षांचा आहे आणि अजून सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात बसतो. एकूण आयुष्याची बेरीज केली तर मधला स्पेशालिस्ट मधल्या इंजिनिअरच्या पुढेच जातो. पण चाळिशीनंतर. पस्तिशीपर्यंत तो मागे असतो, आणि ती पस्तिशीपर्यंतची वर्षं घराने झेलावी लागतात.

तुमच्या यादीत नाही, पण मुलाला विमान आवडतं म्हणून जहाजाचंही सांगतो. मर्चंट नेव्हीचे माझ्याकडे चार जण आहेत. नॉटिकल सायन्सची पदवी तीन वर्षांची, मरीन इंजिनिअरिंग चार. थर्ड ऑफिसर झाला की महिना अडीच-तीन हजार डॉलर, कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर झाला की आठ-दहा हजार आणि टँकरवर त्याहूनही जास्त. पण जहाजावर चढला की मीटर सुरू, उतरला की बंद. बहुतेकांना घरी असताना पगार नसतो. म्हणून डॉलरला बाराने गुणू नका, सहा-आठनेच गुणा.

खरा फायदा कराचा. वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर तो अनिवासी, आणि परदेशी जहाजावरचा पगार अनिवासींच्या एनआरई खात्यात आला तर इथे कर नाही. एकाला कंपनीने आठवडाभर आधी उतरवलं. बायकोला आनंद झाला, दिवाळी घरी झाली. मार्च संपल्यावर मी त्याच्या सीडीसीवरचे, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेवरचे, साइन-ऑन, साइन-ऑफचे शिक्के मोजले: भारतातले दिवस १८५. चार दिवसांनी गणित फिरलं. आख्ख्या वर्षाच्या पगारावर इथल्या दराने कर, साडेसहा लाखांच्या घरात. तेव्हापासून तो फेब्रुवारीत मला फोन करून 'किती दिवस उरले' विचारतो.

आता विमान. इंदूरला मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब आहे, त्यामुळे विमानतळाच्या बाजूला राहणाऱ्या पोरांना हा नाद लहानपणीच लागतो. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं. त्याचे पन्नास लाखांच्या आसपास, त्यानंतर एखाद्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवायची परवानगी, त्याचे पंधरा-वीस लाख वेगळे. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांतून गेलं तर सगळं मिळून कोटीच्या घरात. सह-वैमानिकाला महिना दीड ते तीन लाख, कॅप्टनला पाच ते आठ. पासष्टपर्यंत उडता येतं. आकड्यात पाहिलं तर पंचविशीतल्या मुलाला इतका पैसा देणारा दुसरा पेशा मी पाहिलेला नाही.

पण मधला माणूस आठवा. परवाना हातात आहे आणि नोकरी नाही, अशी दोन वर्षं माझ्या एका अशिलाच्या मुलाने काढली. वडिलांनी घर गहाण ठेवलं होतं. मुलगा त्या काळात ग्राउंड क्लास घेत होता, वीस हजारांवर. मग भरती निघाली, लागला, आणि आज वडिलांपेक्षा चौपट मिळवतो. शेवट गोड झाला. पण ती दोन वर्षं वडिलांचा चेहरा मी दर तिमाहीला पाहत होतो. हा धंदा लाटेचा आहे. लाट असली की सगळे वर, ओसरली की परवाने कपाटात. आणि दर वर्षी वैद्यकीय तपासणी. तिथे काही निघालं तर पगार थांबतो.

सरकारी नोकरीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. आपल्या पिढीला त्याशिवाय काही सुचत नव्हतं, तेव्हा दोन आकडे देतो. सातव्या वेतन आयोगात आयएएस, सैन्यातला लेफ्टनंट आणि इथल्या आरआर कॅट या सरकारी संशोधन संस्थेतला नवा वैज्ञानिक अधिकारी तिघांचं मूळ वेतन एकच, ५६,१००. लेफ्टनंटला वर १५,५०० लष्करी सेवा वेतन. मूळ वेतनावर जुलै २०२५ च्या दराने ५८ टक्के महागाई भत्ता म्हणजे ३२,५३८. इंदूर 'वाय' वर्गातलं शहर, म्हणून घरभाडं २० टक्के, ११,२२०. झाले ९९,८५८, प्रवास भत्ता वेगळा. लेफ्टनंट सोडून बाकीच्यांचे यातून निवृत्तिवेतनाचे, म्हणजे एनपीएसचे, ८,८६४ कापले जातात, आणि सरकार स्वतःचे १४ टक्के वरून टाकतं. आता पुन्हा त्या १२ लाखांच्या पत्राकडे पाहा. ज्याला सगळे 'कमी पगार' म्हणतात, तो पहिल्याच महिन्यात ७७ हजारांच्या पुढे आहे. बँकेतल्या पीओचं मूळ वेतनही आता ४८,४८० पासून सुरू होतं. अडचण एवढीच, की या जागा मोजक्या आणि भंवरकुआँवर क्लासच्या पाट्या अगणित. तिथे सात-सात वर्षं काढून तिशीत माझ्याकडे अकाउंटंटची नोकरी मागायला आलेली मुलं आहेत. हुशार मुलं. त्यांच्या त्या सात वर्षांचा पगार कुठल्याच तक्त्यात धरलेला नसतो.

बाकीचं भराभर. आयआयएममधून एमबीए: इंदूरच्या संस्थेचा सरासरी आकडा पंचवीस लाखांच्या वर असतो, फी वीस लाखांच्या घरात. तिथे शिरता आलं तर उत्तम. गल्लीतल्या एमबीएला आणि बीकॉमला मात्र बाजारात फारसा फरक पडत नाही. वकिली: हायकोर्टाचं खंडपीठ इंदुरातच आहे, पण पहिली सहा-सात वर्षं ज्युनियरला दहा-पंधरा हजार मिळाले तरी पुष्कळ. घरी वकिली नसेल तर दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा द्यावी, तिथे मूळ वेतन ७७,८४० पासून सुरू होतं. आमची सीए: खर्च सर्वांत कमी, कॅम्पसमधून लागलेल्याला सरासरी बारा लाखांच्या आसपास. पण अंतिम परीक्षेचे दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांत शंभरातले दहा ते वीसच निघतात. मी तिसऱ्या खेपेला निघालो. दुसऱ्या खेपेचा निकाल आईला चार दिवस सांगितला नव्हता.

व्यापाऱ्यांचं विचाराल तर छप्पन दुकानवाल्या कोणाची फाईल माझ्याकडे नाही. असती तरी सांगितली नसती.

आता तुमच्या घराचं. तुम्ही लिहिलंय की हाताशी अठरा-वीस लाख आहेत आणि घर कर्जमुक्त आहे. धाकटी मुलगी आठवीत. या आकड्यांवर माझं मत असं. मुलाचे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही बारावीपर्यंत सुटू देऊ नका. वैमानिकाला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, नीटला जीवशास्त्र. ओझं होईल, पण दोन दरवाजे उघडे राहतात. नीटच्या दोन संधी द्या आणि सरकारी सीटवरच थांबा. खासगी सीटसाठी घर गहाण टाकू नका, धाकटीचा वाटा त्यातच आहे. सीट नाही मिळाली तर चांगल्या सरकारी कॉलेजचं इंजिनिअरिंग, मग ते संगणकाचंच असायला हवं असं नाही. पुण्याच्या काकांना विचारा, त्यांच्या कंपनीत पन्नाशीचे किती जण उरलेत. रागावणार नाहीत, मोजतील.

विमानाचं लगेच नाही म्हणू नका, तो मुलगा आहे, उगाच हट्टाला पेटेल. मात्र कुठल्याही संस्थेत ऍडव्हान्स भरण्याआधी क्लास टू आणि मग क्लास वन अशा दोन्ही वैद्यकीय तपासण्या करून घ्या. फी भरल्यावर तपासणी करणारे बाप मी पाहिलेत. चष्मा असला तरी चालतो, नंबर मर्यादेत असला आणि चष्म्याने नीट दिसत असलं की झालं. अडतं ते रंग ओळखण्यात. लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर विमान आणि जहाज बहुधा दोन्ही एकदमच बाद होतात, आणि अनेक मुलांना आपल्याला हा गोंधळ आहे हे अठराव्या वर्षापर्यंत ठाऊकच नसतं. ठिपक्यांतले आकडे वाचायची ती तपासणी गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत होते. या रविवारी पोहे खाऊन झाले की त्याला घेऊन जा, आणि काय निघालं ते मला कळवा.